तळ्याचा राखणदार

बंगळूरास बाहेरगावाहून जाणारा प्रवासी बहुधा ज्या जागी प्रथम पाऊल ठेवतो, ती जागा म्हणजे मॅजेस्टिक भागातील केंपेगौडा बसस्थानक. कोल्हापूर-सोलापूरकडून रात्रभर प्रवास करून आलेला मनुष्य तेथे उतरतो, सामान सांभाळीत चहाचे दुकान शोधतो आणि आपल्या वाटेस लागतो. आपण एका तळ्याच्या तळाशी उभे आहोत, याची त्याला कल्पनाही नसते. येथे पूर्वी धर्मांबुधी नावाचे तळे होते. ते आटले, बुजले आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर बसस्थानक उभे राहिले. श्री कंठीरव क्रीडांगण पाहावयास गेलात, तर तेही संपंगी तळ्याच्या पोटात. त्या तळ्याचा एक लहानसा तुकडा तेवढा राखून ठेवलेला आहे, कारण चैत्रातील करग उत्सवाचे काही विधी तेथेच व्हावे लागतात. करग हा तिगळ समाजाचा उत्सव. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्यांची मळेवाली. तळ्याच्या पाण्यावर फुले आणि भाजीपाला पिकवून शहरास पुरवणारी. तळे गेले, मळे गेले. विधीपुरते पाणी मात्र राहिले.

ज्या शहराने आपली तळी अशी गिळून टाकली, त्याच शहरात गेल्या दीड दशकात साध्या संसारी माणसांनी काही तळी मरणाच्या दारातून परत आणली आहेत. त्यांत निवृत्त अधिकारी आहेत, गृहिणी आहेत, शाळामास्तर आहेत, संगणकावर काम करणारे तरुण आहेत. या महिन्याच्या सदरात त्यांच्या कामाचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे योजिले आहे. परिचय म्हणताना केवळ कौतुक करावे असा आमचा हेतू नाही. या कामात काही प्रश्न असे आहेत की ज्यांचे उत्तर अजून कोणासही पुरते सापडलेले नाही.

प्रथम या शहरास तळी का लागली, ते पाहिले पाहिजे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पाठीच्या कण्यासारख्या एका उंचवट्यावर वसले आहे. पाऊस पडला की त्याचे पाणी दोन्ही अंगांनी वाहून जाते. पश्चिमेकडील वृषभावतीतून अर्कावतीस आणि पुढे कावेरीस, पूर्वेकडील दक्षिण पिनाकिनीस. गावाजवळ बारमाही नदी नाही. म्हणून १५३७ साली ज्याने हे गाव वसविले असे मानतात, त्या केंपेगौडाने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी पाणी जागच्या जागी अडविण्याचा मार्ग धरला. उताराला आडवी मातीची पाळ घालावयाची आणि पावसाचे पाणी तिच्यामागे साठवावयाचे. कन्नडमध्ये अशा तळ्यास ‘केरे’ म्हणतात. मराठी वाचकांस हे गाव परके वाटण्याचे कारण नाही. १६३८ साली ते विजापूरकरांच्या हाती पडले व शहाजीराजांकडे जहागिरीत आले. मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी १६६९ सालचा एकोजीराजांचा शिलालेख आहे. देवस्थानास एक गाव दिल्याचा उल्लेख त्यात आहे. ‘काडु’ म्हणजे रान. देव रानातला होता. आज त्याच्या भोवती इंचभर रान शोधून सापडावयाचे नाही.

या तळ्यांची खरी हुशारी त्यांच्या साखळीत होती. वरचे तळे भरले की सांडव्यावरून, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘कोडी’वरून, पाणी उतरून ‘राजकालुवे’ या मोठ्या नाल्यात येई आणि खालच्या तळ्यास मिळे. ते भरले की त्याच्या खालच्यास. पाळीतील मोरीस ‘तूबु’ म्हणत. ती उघडली की शेतास पाणी. एका तळ्याचा सांडवा बुजविणे म्हणजे खालच्या सर्व गावांचे पाणी तोडणे, आणि वरच्यांना बुडविणे. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्वेकडील नव्या, श्रीमंत वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि मोठमोठ्या पगाराच्या लोकांस ट्रॅक्टरवर बसून कचेरीस जावे लागले, ती चित्रे वाचकांनी पाहिलीच असतील. नाल्यांची वाट अडविली तरी पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

या साखळीवर एक मनुष्य नेमलेला असे. त्याचे नाव नीरगंटी. मोरी केव्हा उघडावयाची, कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यावयाचे, पाळीला कोठे भोक पडले आहे, सांडव्यात काय अडकले आहे, हे सर्व तो पाही. याबद्दल गावाकडून त्याला धान्याचा वाटा किंवा इनाम जमिनीचा एखादा तुकडा मिळे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी जी फड पद्धत चालत आली, तिच्यातील पाटकरी ज्यांनी पाहिला असेल त्यांना नीरगंटी वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. गाळ काढणे मात्र एकट्याचे काम नव्हे. उन्हाळ्यात तळे आटले की गावकरी गाळ काढून शेतात टाकीत. त्याने तळे खोल होई आणि शेत सुपीक.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. हा नीरगंटी बहुधा दलित समाजातील असे. साऱ्या गावाच्या पाण्याची किल्ली त्याच्या हाती, आणि त्याच गावच्या पाणवठ्यावर त्याला स्वतःला घागर बुडविता येईलच अशी शाश्वती नाही. ‘केरेगे हार’ या कन्नड लोकगीतात तर तळ्याला पाणी लागावे म्हणून घरच्या धाकट्या सुनेचा, भागीरथीचा, बळी दिल्याची कथा आहे. आपल्याकडील भगिनींस अशा कथा ओव्यांतून ठाऊक आहेत. तळे हे सर्वांचे होते असे म्हणताना, त्याची किंमत कोणी मोजली हेही त्या गीताने सांगून ठेविले आहे.

मग राखणदार गेला कोठे? त्याला कोणी काढून टाकले नाही. तो अनावश्यक झाला. १८९० नंतरच्या दशकात हेसरघट्ट्याच्या तलावातून शहरास नळाने पाणी येऊ लागले, १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयातून, आणि १९७४ पासून कावेरीचे, सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, टप्प्याटप्प्याने उपसून वर चढविलेले. घरात तोटी आली त्या दिवसापासून तळ्याकडे पाहण्याचे कोणास प्रयोजन उरले नाही. शेते गेली तेव्हा मोरीचेही काम संपले. राहिली ती एक मोठी सपाट, मालक नसलेली जागा, आणि वाढत्या शहरात अशा जागेचे काय होते हे सांगावयास नको. १९८० च्या दशकात शासनाने नेमिलेल्या लक्ष्मण राव समितीने उरलेली तळी राखावीत अशी शिफारस केली. तोवर पुष्कळशी हातची गेली होती.

जी बुजली नाहीत त्यांच्या वाट्याला सांडपाणी आले. या बाबतीत सर्वांत मोठे दुःख बेळ्ळंदूरचे. सुमारे ९०० एकरांचे हे तळे शहराच्या पूर्वेकडील साखळीच्या तळाशी येते, म्हणून वरच्या निम्म्या गावाचा मैला त्यात उतरे. कपडे धुण्याच्या चुऱ्यांतील रसायनांमुळे त्याच्या सांडव्यावर पांढरा फेस माणसाच्या उंचीएवढा चढून वाऱ्याने रस्त्यावर उडे. २०१५ मध्ये, पुन्हा फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि जानेवारी २०१८ मध्ये या तळ्यास चक्क आग लागली. पाण्यास आग लागल्याची गोष्ट आपण पुराणात ऐकितो. येथे ती विझविण्यास अग्निशामक दलाबरोबर लष्कराचे जवान बोलवावे लागले. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने शासनास व महापालिकेस मोठा दंड ठोठावला. दंडाने तळे स्वच्छ होत नाही हे खरे, तथापि कोणीतरी जबाबदार आहे एवढे तरी त्यामुळे कागदावर आले.

आता पुट्टेनहळ्ळीकडे वळू. जे. पी. नगराच्या सातव्या टप्प्यात उंच इमारतींच्या मधोमध हे अवघे तेरा-साडेतेरा एकरांचे तळे आहे. २००८ च्या सुमारास ते तळे म्हणण्याजोगे राहिले नव्हते. इमारतींचा राडारोडा, केरकचरा आणि मधोमध थोडेसे डबके. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या लेखिका उषा राजगोपालन यांना आपल्या घरातून ते रोज दिसे. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलावयास आरंभ केला, पत्रके वाटली, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या. २०१० साली शेजारपाजारच्या मंडळींचा एक विश्वस्त निधी नोंदविला गेला, आणि मे २०११ मध्ये महापालिकेने या तळ्याच्या देखभालीचा करार त्या निधीशी केला. एका नागरिक-संस्थेशी महापालिकेने असा करार करण्याची बंगळूरातील ही पहिलीच वेळ.

त्या कराराचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गाळ काढणे, पाळ बांधणे, कुंपण घालणे ही खर्चाची कामे महापालिकेची. तळे तिचेच राहिले. नागरिकांनी घेतले ते रोजचे पाहणे. आणि आमच्या मते सारी गोम येथेच आहे. तळ्याचा जीर्णोद्धार हा समारंभ असतो. त्याला मंत्री येतात, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात जलपर्णीचे पहिले रोप कोपऱ्यात दिसते. ते त्याच दिवशी उपटले तर एका माणसाचे काम. महिना गेला तर दहा माणसांचे. पावसाळा गेला तर यंत्र आणावे लागते आणि निविदा काढावी लागते. ते पहिले रोप कोण पाहणार? निविदा काढणारी कचेरी ते कधीच पाहू शकत नाही. ते पाहतो रोज सकाळी पाळीवरून फिरणारा आणि हे आपले काम आहे असे मानणारा मनुष्य. पुट्टेनहळ्ळीकरांनी वर्गणीतून माळी ठेविले, रखवालदार ठेविला, झाडे लाविली, पाण्यावर तरंगती बेटे सोडून त्यांवर पाण्यातील मळ शोषणाऱ्या वनस्पती लाविल्या. पक्षी परत आले. शंभराहून अधिक जातींची नोंद तेथे झालेली आहे. त्यांत जांभळ्या पाणकोंबड्या आहेत, टिबुकल्या आहेत, आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरीही आहेत. हे पक्ष्याचे नाव ज्याने ठेविले त्याच्या दृष्टीला दाद दिली पाहिजे.

तरीही एक अडचण शेवटपर्यंत पिच्छा पुरवीत राहिली. तळे स्वच्छ झाले, पण त्याला पाणी कोठून आणावयाचे? भोवतालचा उतार घरांनी व रस्त्यांनी झाकला गेला होता, आणि पावसाचे पाणी गटारांतून दुसरीकडेच वळले होते. ज्या गटारातून पाणी येऊ शकले असते त्यातून मैलाही आला असता. काही पावसाचे पाणी खटपटीने तळ्याकडे वळविण्यात आले, तरी उन्हाळ्यात तळ दिसे. अखेर शेजारच्या एका मोठ्या गृहसंकुलाचे, शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तळ्यात सोडण्याची व्यवस्था झाली. म्हणजे ज्या इमारतींनी तळ्याची वाट बुजविली, त्यांच्याच न्हाणीघरांतील पाणी स्वच्छ होऊन आता त्याला भरते. हा हिशेब ऐकावयास विचित्र वाटतो. पण मोठ्या शहरातील तळ्यांचे भवितव्य बहुधा असेच असणार.

शहराच्या उत्तरेकडील जक्कूर येथे हाच विचार मोठ्या प्रमाणावर अमलात आला आहे. तेथे पाणीपुरवठा मंडळाच्या शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी थेट तळ्यात पडत नाही. आधी ते पाणकणीस व तत्सम वनस्पतींनी भरलेल्या एका उथळ पाणथळीतून सावकाश फिरते. केंद्राने जे नत्र व स्फुरद पाण्यात ठेविलेले असते, ते या वनस्पती आपल्या वाढीसाठी खेचून घेतात. गाळ खाली बसतो. मग ते पाणी तळ्यात जाते. परिणामी आसपासच्या विहिरींना पाझर मिळतो, कोळ्यांना मासळी मिळते, गुरांना चारा मिळतो. मात्र या पाणथळीतील वनस्पती ठराविक वेळी कापून बाहेर काढल्या पाहिजेत. त्या तेथेच कुजल्या तर शोषलेले सर्व पुन्हा पाण्यात उतरते. पुन्हा तीच गोष्ट: केवळ व्यवस्था बांधून भागत नाही, तिच्यावर नजर ठेवणारे कोणी हवे. जक्कूरलाही नागरिकांचा असा एक गट आहे.

परंतु राखणदार झालेल्या या मंडळींस विचारावा असा एक अवघड प्रश्न आहे, आणि तो सरजापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळीच्या पाळीवर उभे राहिले असता सर्वांत स्पष्ट दिसतो. हे तळे सुमारे ४८ एकरांचे. त्याचा सांडवा सौळ केरेत आणि तेथून बेळ्ळंदूरमध्ये उतरतो. २००८-०९ च्या सुमारास महापालिकेने त्याच्या जीर्णोद्धाराचा विचार सुरू केला, तेव्हा भोवतालचे रहिवासी अभियंत्यांबरोबर नकाशावर बसले. त्यांत पर्यावरणाच्या अभ्यासक हरिणी नागेंद्र याही होत्या. पुढे ‘महादेवपुर परिसर संरक्षणे मत्तु अभिवृद्धि समिती’ या नावाने संस्था झाली व तिने देखभाल पत्करली.

आता प्रश्न असा. तळ्यास कुंपण घातले, फिरावयास वाट केली, बाके ठेविली, फाटकावर नियमांची पाटी लाविली. यात फिरावयास येणाऱ्यांची उत्तम सोय झाली. पण त्याआधी तेथे कोण येत होते? म्हैस पाण्यात सोडणारा गवळी, धुणे आणणारी बाई, गवत कापून नेणारी म्हातारी, गळ टाकून बसलेला मुलगा. त्यांच्यासाठी तळे हे सौंदर्यस्थळ नव्हते. चरितार्थाचा भाग होते. पाटीवरील नियम बहुतेक त्यांच्याच विरुद्ध असतात. नागेंद्र यांनी आपल्या लेखनातून हा मुद्दा वारंवार मांडला आहे. सामाईक मालमत्तेची निगा लोक स्वतः कशी राखतात या अभ्यासाबद्दल २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यासमवेत त्यांनी बंगळूरच्या तळ्यांचा अभ्यास केला; तो २०१४ साली, ऑस्ट्रॉमबाईंच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला.

कैकोंड्रहळ्ळीत या प्रश्नावर निदान अर्धी वाट तरी काढलेली दिसते. गुरांना आत येऊ देत नाहीत. पण गावकऱ्यांनी आत येऊन गवत कापावे, चारा न्यावा, यास मुभा आहे. मासेमारी चालू आहे. तळ्याला लागून असलेल्या सरकारी शाळेची मुले तेथे येतात. सर्वांचे समाधान झाले आहे असे नाही. ज्याची म्हैस फाटकाबाहेर राहिली, त्याला गवताचा भारा डोक्यावर न्यावा लागतो, आणि फिरावयास आलेल्यांपैकी काहींना तो भारासुद्धा खटकतो. पण ज्या तळ्यातून गवत कापून नेण्याचा हक्क म्हातारीला आहे, त्या तळ्याला फुकटचा एक राखणदार अधिक मिळाला. पाणी बिघडले की ते तिला सर्वांआधी समजेल, कारण तिच्या गाईचे दूध त्यावर आहे. आमच्या मते नागरिक-संस्थांनी आपल्या विश्वस्त मंडळात एखादी अशी म्हातारी घ्यावी. तिला ठराव लिहिता येणार नाहीत. पण जलपर्णीचे ते पहिले रोप तिलाच दिसेल.

दुसरा प्रश्न मालकीचा. २००४ नंतर शासनाने शहरातील काही तळी देखभालीसाठी खासगी कंपन्यांस भाडेपट्ट्याने दिली. तिकीट, नौकाविहार, उपाहारगृह असा तो थाट. त्याविरुद्ध लोक उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने या खासगीकरणास आळा घातला. पुढे मार्च २०२० मध्ये महापालिकेने तळ्यांबाबत खासगी कंपन्यांशी करार करू नयेत असा अंतरिम आदेश झाला. आदेशाचा रोख कंपन्यांवर होता, परंतु त्याच्या छायेत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साध्या संस्थांचेही करार नूतनीकरणावाचून पडून राहिले. कराराविना पुष्कळांनी काम चालूच ठेविले. माळ्याचा पगार द्यावयाचा, आणि आपण तेथे कोणत्या अधिकाराने उभे आहोत हे विचारल्यास उत्तर नाही, अशी त्यांची अवस्था. सप्टेंबर २०२५ मध्ये तर जुनी महापालिकाच जाऊन ग्रेटर बेंगळूरु प्राधिकरणाच्या छत्राखाली पाच महापालिका आल्या. म्हणजे ज्या टेबलावर अर्ज दिला होता ते टेबलही हलले. न्यायालयाची धास्ती आम्हांस चुकीची वाटत नाही. तळे एकदा कोणाच्या नावे झाले की ते परत मिळविणे किती कठीण असते, हे बसस्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाने पाहिलेच आहे. पण कंपनी आणि शेजारी यांत भेद करण्याइतका कायदा बारीक असावयास हवा.

तळ्यांचा विचार जमिनीवरच्या पाण्याबरोबर संपत नाही. १९९५ साली विजयनगर भागात बांधलेल्या आपल्या घरी ए. आर. शिवकुमार या शास्त्रज्ञांनी छपरावरच्या पावसावर घरखर्च भागवून दाखविला. २००९ मध्ये पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठराविक क्षेत्रफळाच्या वरील घरांना पावसाचे पाणी साठविणे किंवा जिरविणे सक्तीचे झाले. पाणी जिरविण्यासाठी साधारण तीन फूट रुंद आणि वीस-तीस फूट खोल आड खणतात. हे खणण्याची विद्या बंगळूरच्या आसपास ज्यांच्या हाती आहे, त्यांना तेथे मण्णु वड्डर म्हणतात. ‘मण्णु’ म्हणजे माती. म्हणजेच आपले माती वडार. कूपनलिका आल्या तेव्हा त्यांचा धंदा बसला होता. शहरात दहा लक्ष पाझर-आड व्हावेत अशी मोहीम बायोम या संस्थेने हाती घेतली, तेव्हा त्यांना पुन्हा बोलावणे येऊ लागले. कब्बन पार्कमधील जुन्या विहिरी त्यांनीच उपसून मोकळ्या केल्या. एका बाजूने बंद पडलेली विहीर आणि दुसऱ्या बाजूने बंद पडलेला धंदा, दोन्ही एकाच पहारीने उघडले.

हे सर्व वाचून आमच्या गृहिणी वाचक विचारतील की यात घराने काय करावे. नगररचनेचे जाणकार माणशी, दररोज १३५ लिटर पाणी धरतात, आणि त्यांपैकी सुमारे चार-पंचमांश सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. पाच माणसांच्या घरातून म्हणजे दिवसाला ५०० लिटरांहून अधिक. ते कोठे जाते, हे आपल्या इमारतीच्या व्यवस्थापकाला एकदा तरी विचारावे. स्फुरद नसलेला धुण्याचा चुरा वापरावा, जमल्यास रिठे. बेळ्ळंदूरच्या फेसात आपल्या बादलीचाही वाटा होता असे तेथील अनेक घरांनी जाणून हा बदल केला आहे. ओला केर वेगळा करण्याची सवय बंगळूरच्या घरांना डिसेंबर २०१५ मधील उच्च न्यायालयाच्या आदेशापासून बऱ्यापैकी लागली आहे. त्याच्या खताने गॅलरीतील कुंड्या पोसल्या जातात. २०२३ चा पाऊस हुकला आणि मार्च २०२४ मध्ये शहरात पाण्याचा हाहाकार झाला, तेव्हा पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू होऊन दिवसाला ७७५ दशलक्ष लिटर पाणी अधिक मिळू लागले. टँकर थोडे मागे हटले. तोटी पुन्हा वाहू लागली की तळ्याकडचे लक्ष पुन्हा उडेल काय, ही भीती मात्र तळ्यांवर काम करणाऱ्यांच्या मनात आहे, आणि ती निराधार नाही. पूर्वी एकदा असेच झाले आहे.

येत्या भाद्रपदात ज्या मराठी कुटुंबांचा मुक्काम बंगळूरात असेल, त्यांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. हलसूरसारख्या तळ्यांच्या काठी ‘कल्याणी’ नावाचे पायऱ्यापायऱ्यांचे स्वतंत्र कुंड बांधलेले असते. गणपतीचे विसर्जन तेथे होते, तळ्यात नाही. निर्माल्य आधी बाजूला काढून द्यावे. आणि मूर्ती शाडूची असेल, तर विसर्जनानंतर थोडा वेळ पायरीवर बसून राहण्यास हरकत नाही. मुलांना ती विरघळताना पाहावयास आवडते.